आईची उंची

“जरा उभ्या राहता का, बाई?” विद्यापीठाचा कोच बकनर म्हणाला. तोंडातला मासा त्याने गिळलाही नव्हता.

व्हर्नेल खुर्चीतून उठली. चर्चमध्ये गाणाऱ्या बायकांत तिला कायम मागच्या रांगेत उभं करायचे, कारण ती पुढे आली की मागचं कुणी दिसायचं नाही. बकनरने तिला खालून वर न्याहाळलं. मग टेबलाशी वाकून तिची पावलंही पाहून घेतली. गुरांच्या लिलावातसुद्धा माणसं याहून थोडी लाज बाळगतात.

“झकास!” तो म्हणाला आणि पुन्हा माशाकडे वळला. “आता जिवात जीव आला.”

ज्या टेरिलला निवडायला बकनर आला होता, त्याची आई व्हर्नेल नव्हतीच. ती पलीकडच्या घरात राहायची. खरी आई लुएला स्वयंपाकघरातून मक्याच्या पावाची थाळी घेऊन येत होती. व्हर्नेलच्या शेजारून गेली तेव्हा ती तिच्या खांद्यालाही पोचली नाही.

हा ओंगळ खेळ शाळेच्या पेटिग्रू सरांनी रचला होता. अमेरिकन फुटबॉलमध्ये टेरिलसारखा बचावपटू आसपासच्या कुठल्याच शाळेत नव्हता. समोरच्या संघाने लांबवर फेकलेला चेंडू त्यांच्या खेळाडूच्या हातात पडण्याआधी हवेतच उडवायचा, हे त्याचं काम. अख्ख्या मोसमात त्याच्या डोक्यावरून एकही चेंडू कुणाला झेलता आला नव्हता. पण उंची पाच फूट सात इंच. तेवढ्यावरून बाकीच्या विद्यापीठांनी फोनसुद्धा उचलला नाही. हे एकच आलं, तेही खेळ बघायला नव्हे. पोर अजून वाढेल का, हे बघायला ही माणसं घरी येतात, पोटभर जेवतात आणि आईबापांची मापं डोळ्यांनी घेऊन जातात. टेरिलचा बाप तो पाळण्यात असतानाच निघून गेला होता. उरली आई. म्हणून आई बदलली.

लुएलाने लगेच हो म्हटलं होतं. “एका जेवणाचा तर प्रश्न आहे. कॉलेज फुकट होतंय तुझं. स्वतःच्याच घरात वाढपीण झाले म्हणून मी काय झिजणार आहे का?” तेव्हापासून टेरिल तिच्याशी धड बोलला नव्हता.

“सर, ते व्हिडिओ पाहिलेत ना?” पेटिग्रू सरांनी विचारलं. “त्या शेवटच्या सामन्यात पोरानं—”

“शाळकरी पोरांपुढे सगळेच वाघ असतात हो. आमच्याकडे समोर सव्वासहा फुटांचे उभे राहतात. फळीवरचा डबा काढावा तसा याच्या डोक्यावरून चेंडू काढून नेतील.” बकनरने बोटं चाटली. “पळायला मी शिकवतो, अडवायला शिकवतो. उंची कुठून शिकवू? पण आई अशी दणदणीत असल्यावर काळजी नाही. उशिरा वाढणार पोरगं.”

त्याने पिशवीतून विद्यापीठाची टोपी काढली आणि टेरिलच्या डोक्यावर चढवली. “जागा तुझी. शिष्यवृत्ती पूर्ण.” पेटिग्रू सरांचे डोळे भरून आले. व्हर्नेलने टाळ्या वाजवल्या. लुएलाने दोन्ही हात एप्रनला पुसले. तिला टेरिलला मिठी मारायची होती, पण शेजारणीला ते शोभलं नसतं.

बकनरने तिच्याकडे न बघताच वाटी पुढे केली. “केळ्याचं पुडिंग अजून वाढ थोडं. हाताला चव आहे तुझ्या. शेजारीण का तू?”

“हो साहेब.”

“पोरंबाळं?”

“नाही साहेब. देवानं दिलंच नाही.”

ती हे इतक्या सहज म्हणाली की व्हर्नेलने मान खाली घातली.

“बरंच झालं,” बकनर म्हणाला. “तुझ्या पोटची पोरं टेबलाखाली उभी राहून खेळली असती!”

तो खो खो हसला. पेटिग्रू सरही हसले. हे सर टेरिलला भर उन्हात रोज मैदानावर घेऊन राबले होते, आणि आता ते हसत होते. लुएलासुद्धा हसली आणि खरकटी ताटं गोळा करायला लागली.

टेरिलने टोपी काढून टेबलावर ठेवली.

“आई,” तो म्हणाला, “ठेव ती ताटं. इथं येऊन बस.”

“कुणाला आई म्हणतोस?” लुएला घाईघाईने म्हणाली. “वेडा आहेस का तू? ती बघ तुझी आई, तिकडे बसलीय.”

टेरिल उठला. त्याने तिच्या हातातली ताटं काढून घेतली आणि तिला धरून आपल्या खुर्चीत बसवलं. “कोच, ही माझी आई. तुम्ही जिची पावलं बघितलीत ती शेजारची व्हर्नेल मावशी.”

पेटिग्रू सरांनी कपाळाला हात लावला. “कॉलेज गेलं की रे,” लुएला पुटपुटली. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

बकनर चिडला नाही. ओशाळलाही नाही, ओशाळायला आत थोडं काही असावं लागतं. त्याने टोपी उचलली, तिच्यावरचे पावाचे कण झटकले आणि ती पिशवीत घातली. मग त्याने लुएलाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं, तेसुद्धा माप घ्यायला. तिच्यावरून नजर उचलून त्याने टेरिलकडे पाहिलं.

“म्हणजे तू एवढाच राहणार,” तो म्हणाला. नासका माल दुकानदाराला परत करताना निघावा तसा त्याचा आवाज होता.

टेरिलने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

“हिच्याएवढा झालो तरी पुष्कळ.”