सगुणाबाईचे बारा थाळे

"हे नाव पुसा," आनंदराव म्हणाले, "तरच थाळे पुण्याच्या प्रदर्शनात जातील."

आनंदराव भोरचे भांड्यांचे व्यापारी. प्रदर्शनात दुकान त्यांचंच. मातीचे रंगवलेले थाळे मात्र सगुणाबाईचे. मुंबईच्या कारखान्यात बापाच्या हाताखाली ती कथलाची पांढरी झिलई शिकली होती. मूळची म्हणे इटलीतली जुनी रीत. कच्च्या झिलईवर कुंचला टेकला की टेकला, रेघ पुसता येत नाही. तिच्या हातून एखादी चुकली तर ती थाळाच टाकून द्यायची. मोर नाहीत, वेलबुट्टी नाही. राजगडाच्या माच्या चार तिरक्या रेघांत, भाताची खाचरं नुसत्या चौकोनांत. पुण्याच्या साहेबलोकांना हल्ली असलंच आवडतं, असं कळल्यावर आनंदरावांनी मान डोलावली होती. पण काठावर निळ्या रंगात 'सगुणा'? बाईच्या नावाचा माल कोण घेणार! नवऱ्याचं घाला, नाहीतर कोरं ठेवा.

"नाव जात नसंल, तर थाळं बी जात न्हाईत," सगुणाबाई म्हणाली.

तेवढ्यात तिचा नवरा उठला. हरिबा चाक फिरवायचा, झिलई वाटायचा, भट्टी लावायचा. तोंड म्हणून उघडायचा नाही. त्याने झिलईचं वाडगं घेतलं आणि आनंदरावांच्या देखत, अजून भट्टीत जायच्या थाळ्यांवरच्या बाराही नावांवर पांढऱ्याचा जाड हात फिरवला. सगळं कोरं. आनंदराव खूश होऊन गेले.

सगुणाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाहेरचा वैरी परवडला, हा तर घरातला! आठ दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. रडली मात्र नाही. भट्टी उघडली की थाळे आपल्याच हातानं फोडणार, हे तिनं सासूला, शेजारणीला, सगळ्या आळीला ऐकवलं. हरिबा आपला भट्टीत लाकडं सारत राहिला.

नवव्या दिवशी आनंदराव पेट्या न् पेंढा घेऊन हजर. सगुणाबाई वरवंटा घेऊन हजर. हरिबाने पहिला थाळा काढला, राख झटकली आणि दोघांच्या मधे धरला.

काठावर 'सगुणा'. निळंभोर. कडेनं जरा पसरलेलं, त्यामुळे आधीपेक्षा ठसठशीत. दुसऱ्यावर तेच, तिसऱ्यावर तेच. आनंदराव भडकले. माझ्यादेखत पुसलं होतं ना? प्रदर्शन परवावर आलं, आता नवे कुठून आणू?

न्यायचे तर नावासकट न्या, सगुणाबाईने बजावलं, नाहीतर वरवंटा आहेच. आनंदराव दातओठ खात पेट्यांत पेंढा पसरू लागले. मग ती आठ दिवसांनी नवऱ्याकडे वळली. झाकलेलं नाव वर येतं, हे तुमाला कसं ठावं, म्हणून विचारलं.

हरिबाने मान खाली घातली.

"दर भट्टीला दोन थाळं तडकलं म्हणून सांगतो न्हवं तुला? त्ये तडकत न्हाईत. माज्या अंगठ्याचं निळं डाग म्या पांढऱ्याखाली झाकतो, अन् भट्टीचा इस्तू त्ये वर काढतो."