समोरचा पाळणा

आई वारल्यानंतरची प्रकाशा गावची ती पहिलीच जत्रा. वडील म्हणाले, “जाय, बस.” मी रहाटपाळण्यात एकटीच बसले. समोरचा पाळणा दरवर्षी आईचा असे.

समोर कुणी नसलं, की रहाट फिरवणारे अजीजचाचा तिथं तोलासाठी दगड ठेवत. आज त्यांनी ठेवला नाही.

“चाचा, दगड?”

“कसाले, बेटी? माय बठेल शे ना.”

आई समोर बसलीय म्हणत होते; ती गेल्याचं त्यांना कळलं नसावं. मी समोरच्या पाळण्यातल्या रिकाम्या फळीकडे पाहिलं. पण रहाट अगदी तोलात फिरला.

मी वर आणि समोरचा पाळणा खाली असताना चाचांनी रहाट थांबवला. “पहिले मायले उतरू दे.”

“नको, चाचा. अजून एक फेरा.”

खाली वडिलांनी सवयीनं आईच्या पाळण्यापाशी आधाराला हात पुढे केला. तिथली फळी करकरली, तो पाळणा हलका झाला, आणि माझा जड होऊन आपोआप खाली येऊ लागला.