दुपारच्या मालिकेतला भडका

दुपारच्या मालिकेत दोन बायकांनी नवऱ्यांना सोडून एकत्र संसार थाटला आणि आमच्या आळीचं डोकं फिरलं. धाटावच्या कंपनीतून शिफ्ट संपवून आलेल्या दत्तानं टीव्हीवर चप्पल हाणली. "असल्या बायांना जित्या जाळायला पायजे." समोर बसलेल्या त्याच्या बायकोनं, सुगंधानं, शेजारच्या पुतळीचा हात झटकन सोडला. दत्तानं ते पाहिलं. त्यानं पुतळीला केसांना धरून उंबऱ्याबाहेर फेकलं आणि मग दार लावून सुगंधाला हाणलं.

पेपरांनीही मालिकेला झोडपलं. महिन्याभरात मालिकेतल्या त्या दोघींतली एक स्टोव्हच्या भडक्यात मेली. तिथल्या पोलिसांनी अपघात लिहून घेतला. दत्ता मांडी ठोकून बघत होता. "आता कशी मालिका बघायसारखी झाली."

दुसऱ्या दिवशी त्यानं सुगंधासाठी नवी साडी आणली. नायलॉनची. "नेस नि चहा टाक गो." इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच गोड बोलला होता. साडी नेसून सुगंधा स्वयंपाकघरात गेली. लग्न झाल्यापासून कधी स्टोव्हला हात न लावलेल्या नवऱ्यानं आज त्यात काठोकाठ रॉकेल भरून ठेवलं होतं.