पहिली ओटी

वस्तीपर्यंत पाण्याचा टँकर यायला रस्ता नाही, असं तुम्ही लेखी दिलंत, चेअरमन साहेब. मोफत आरोग्य शिबिराची गाडी मात्र त्याच रस्त्यानं आली. बाजूला तुमचा फोटो लावून आली, वेळेवर आली, बाया भरून घेऊन गेली. तुमच्या साखर कारखान्याच्या सहकाराचं एवढं एकच वाहन या वस्तीनं जवळून पाहिलंय.

वडवणीच्या अलीकडच्या डोंगरात, त्या वस्तीवर, आज अंजनाचं डोहाळजेवण आहे. सातवा महिना लागलाय. दिवस मावळायच्या आत उरकायचं, कारण मावळतीला ट्रक येणार आणि अंजना नवऱ्यासोबत ऊसतोडीला जाणार. कोयता जोडीचा असतो. एकट्या गड्याला मुकादम घेत नाही.

दुसरं वर्ष कोरडं, त्यामुळं फुलं नाहीत. अंजनाची मैत्रीण मालन, तिनं वाळल्या कापसाची उललेली बोंडं गोळा केली. काही हळदीत बुडवली, काही कुंकवात. चार दिवस बसून बाजूबंद केले, कंबरपट्टा केला, मुकुट केला. लिंबाला चऱ्हाटाचा झोका बांधला. वस्तीवरच्याच बीबीजाननं आपल्या नवऱ्याकडून, ख्वाजाकडून, तेलाचा डबा फाडून पत्र्याचा चंद्र ठोकून आणला. मागं पडदा पाहिजे म्हणून गळीत हंगामाचा फ्लेक्स उलटा टांगला. त्याच्या पांढऱ्या बाजूवर मालननं गेरूचे पोपट काढले.

"टोचतंय गं," झोक्यावरची अंजना म्हणाली.

"सोन्याचं टोचलं असतं तर बोलली असतीस का?" मालन म्हणाली. बाया हसल्या.

अंजनानं पदर पसरला. मालननं रेशनच्या गव्हाचं ताट उचललं.

"थांब गं." उंबऱ्यावरून आवाज आला. भामाबाईचा. सत्तरीची म्हातारी, वस्तीवर सगळ्यांची आत्या. विधवा म्हणून ओटीच्या जागेपासून लांब बसलेली, पण रीत सांगायला तीच. "पहिली ओटी तुपल्या हातानं न्हाई."

"कावून?"

"ठावं हाय तुला."

मालनला ठाऊक होतं. तिची पिशवी काढलेली. गर्भाशयाला डॉक्टर पिशवी म्हणाला, म्हणून बायाही पिशवीच म्हणतात. जुनी झाली की टाकायची. आणि जिची पिशवी काढली तिनं पहिली ओटी भरायची नाही, हा नेम वाडवडलांचा नव्हता. वस्तीवरच्या पहिल्या दोघींचं ऑपरेशन झालं, त्या वर्षी तो भामाबाईनंच घातला. तेव्हा तो दोघींनाच लागू होता.

मालननं ताट खाली ठेवलं.

"सरू, ये तू," भामाबाई म्हणाली.

सरू उठली नाही. "मपली श्रावणात झाली, आत्या."

"मग ती कडंची. ये गं पोरी."

कडेची तेवीस वर्षांची होती. तिनं नुसती मान हलवली. तिच्या शेजारचीनं पदर तोंडाला लावला. भामाबाईचं बोट एकेकीवरून पुढं सरकत गेलं. उसाला जाणाऱ्या अठरा बाया बसल्या होत्या. एकही उठली नाही.

"असं काय झालतं गं तुमाला समद्यांला?"

"काय व्हयाचंय," सरू म्हणाली. "पाळी आली की काम बुडतंय. मुकादम म्हणला, कटकट काढून टाका. डॉक्टर म्हणला, न्हाई काढली तर कॅन्सर व्हईन. दोघांचं एकदम कसं काय जुळलं, ते काय आमी इचारलं न्हाई."

आता सगळ्यांच्या माना बीबीजानकडं वळल्या. ती उसाला जात नव्हती. तिला तीन लेकरं होती, हातात चुडा होता. या घडीला तिची जात कुणी काढली नसती.

"मला नका बगू," बीबीजान म्हणाली. ती पत्र्याच्या चंद्राची कड पदरानं पुसत होती. "पोटात दुखत व्हतं. मी बी त्याच गाडीत गेलते."

"कवा बोलली न्हाईस."

"तुमी कवा इचारलं?"

डोंगराखालून ट्रकचा हॉर्न वाजला. अंजनाचा पदर तसाच पसरलेला. मघाचं हसू अजून तोंडावर राहिलं होतं, त्याचं काय करावं हे तिला कळत नव्हतं.

"आत्या, रिकाम्या ओटीनंच जाऊ का मी गाडीत?" तिनं विचारलं. "पोटातल्याला काय सांगू?"

झोक्याचं चऱ्हाट करकरलं.

मग भामाबाई उठली. भिंतीला धरून उठली, उंबरा उतरली, बायांच्या मधून वाट काढत झोक्यापाशी आली. विधवा झाल्यापासून, वीस वर्षांत, ती इतक्या जवळ आली नव्हती.

"मपली हाय," ती म्हणाली.

"आत्या, पर तुमचं कपाळ…" मागून कुणीतरी म्हणालं.

"कपाळ काय बघती? पोट बघ."

तिनं गव्हात दोन्ही हात घातले. ओंजळ पदरात रिती केली. निम्मे दाणे पदरात पडले, निम्मे धुळीत. ते वेचायला कुणी वाकलं नाही. अंजनानं पदराची गाठ मारली आणि पोटाशी धरली. खाली हॉर्न दुसऱ्यांदा वाजला.

ऊन उतरलं आणि फ्लेक्सच्या पाठीमागून आलं. तेव्हा मालनच्या पोपटांमधून तुमचा चेहरा दिसायला लागला, साहेब. फेटा, टिळा आणि हंगामाच्या शुभेच्छा देणारे जोडलेले हात.

ते हात सोडा आणि पुढच्या बाजूला या. भामाबाई पुढच्या डोहाळजेवणापर्यंत असेल, नसेल. पुढची पहिली ओटी कुणी भरायची, तेवढं सांगा.