मिठातला चमचा

सासूबाई वारल्या आणि सुनेची भाजी खारट व्हायला लागली. मीठ नेहमीइतकंच, तरी घास तोंडात धरवेना. एके दिवशी मीठ घालायचंच विसरली, तर नवरा बोटं चाटत म्हणाला, “अगदी आईच्या हातची!” तेव्हापासून तिने मिठाला हात लावला नाही. बरणीतला सासूबाईंचा लाकडी चमचा मात्र रोज ओला सापडे. काल त्याच कौतुकाने तिचं डोकं फिरलं. “आई, पुरे झाली तुमची लुडबुड!” ती रिकाम्या स्वयंपाकघरात ओरडली. आज सवयीने तिने मीठ घातलं नाही आणि भाजी अळणी निघाली. बरणीत चमचाही नव्हता. ती घरभर शोधत असतानाच परगावच्या नणंदेचा फोन आला. “वहिनी, आज माझी भाजी खारटढोण झाली गं. आणि आईचा लाकडी चमचा माझ्या मिठात कसा?” सून म्हणाली, “उद्यापासून तू मीठ घालू नकोस.”