डिस्क सापडली नाही

वायर निघालेली होती. संघप्रियाने ती डिस्कमध्ये नीट खोचली. एवढ्या दुःखातही तिच्या मनात आधी तेच जुनं वाक्य आलं: आप्पा, आधी वायर बघा ना.

आप्पा गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन काल झालं. पाहुणे गेले. जाताना सगळ्यांनी एकच मागितलं होतं, आप्पांनी जमवलेलं ते सगळं आम्हालाही दे. पन्हाळ्याच्या तालुका कचेरीतून निवृत्त झाल्यावर आप्पांनी गावात छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेल्या घरांची माहिती टाइप करायला घेतली होती. एका घराची एक फाइल. कोण गिरणीत गेला, कोण मास्तर झाला, कुणाची मुलगी कुठे दिली. ते सगळं मंगळवार पेठेतल्या या दीड खोलीत, या कंप्यूटरवर होतं. आणि डिस्कवर.

"कुणी हात न्हाई लावला बघ त्येला," शेजारची चिमणाबाई चहा ठेवत म्हणाली. "त्या रविवारी दुपारी मी भाकरी घिऊन आले, तर तुझं आप्पा फोनजवळच्या खुर्चीत बसल्यालं. मला वाटलं, डोळा लागलाय. ह्यो कंपूटर आपला घुमतोयच. मग मी नुसता टॉवेल टाकला त्येच्या पडद्यावर."

"बरं केलंस, मावशी."

"लई हुशार गं तुझा बाप. नाक्यावरच्या गुंडूचं मशीन बंद पडलं की गुंडू पळत हितं. सायबर कॅफे त्येचा, आन मेकॅनिक आमचा पेन्शनर."

संघप्रियाला ते खरं वाटलं नाही. ज्यांना साधी वायर निघालेली कळत नव्हती, ते गुंडूचं मशीन काय दुरुस्त करणार.

जानेवारीत बंगळूरहून येताना तिने ही डिस्क आणली होती आणि दोन तास बसून स्क्रिप्ट, म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम, लिहिली होती. एका चिन्हावर क्लिक केलं की कंप्यूटरवर असेल ते जसंच्या तसं डिस्कवर जाई. इकडे खोडलेलं तिकडेही खोडलं जाई. प्रत्येक वेळची नोंद एका फाइलमध्ये होई. "म्हंजे आरसा," आप्पा म्हणाले होते. काही बिघडलं तर त्यांनी घाबरू नये म्हणून तिने पडद्यावर मराठीत ओळ येईल असं केलं: डिस्क सापडली नाही. संगूला फोन करा.

आप्पा सांगितल्यासारखा फोन करत. नेमका रविवारी, सकाळी दहाला. तिचा झोपायचा तो एकच दिवस.

"संगू, डिस्क सापडंना म्हणतंय."

"वायर बघा."

"व्हय की. वायरच हाय." मग जरा खुडबुड. मग, "जेवलीस?"

"आप्पा, दहा वाजलेत सकाळचे."

नुसता फोन करणं त्यांना जमत नसे. कचेरीत तीस वर्षं काढलेली. हातात कामाचा कागद असल्याशिवाय साहेबाच्या दारात उभं राहायचं नाही, हे अंगात मुरलेलं.

मेच्या अखेरीला ती आली आणि तिने स्क्रिप्ट बदलली. आता क्लिक करायला नको. रोज दहाला स्क्रिप्ट आपली आपण चालेल. डिस्क नसेल तर पडद्यावर चकार शब्द येणार नाही. दर पाच मिनिटांनी ती पुन्हा शोधेल आणि तेवढं त्याच नोंदीच्या फाइलमध्ये लिहून ठेवेल.

"म्हंजे आता फोन नको," आप्पा म्हणाले.

"नको. कुणाला त्रासच नाही."

"बरं झालं की. तुझा रविवार मोकळा झाला." मग म्हणाले, "पर वायर निघाली, तर तुला तिकडं कळंल का?"

ती बॅगेची चेन ओढत होती. रिक्षा दारात उभी होती. "कळेल, कळेल," ती म्हणाली.

कळणार नव्हतं. समजावत बसायला वेळ नव्हता, एवढंच.

सगळ्या फाइली नीट आल्यात ना हे बघायला तिने आता ती नोंद उघडली. पहिल्यापासून वाचायला लागली. जानेवारी ते मे, सोमवार ते शनिवार, रोज एकच शब्द: झाले. एकही चूक नाही. रविवारी मात्र दहाला: डिस्क सापडली नाही. सव्वादहाला: झाले. दर रविवारी.

सैल वायरीला वार कळत नाहीत. आणि घरात माणूस एकच होता.

चहावर साय धरली. तिने पुढची पानं काढली. जूनच्या पहिल्या रविवारी वायर दहाच्या आधी निघाली होती आणि साडेदहाला परत लागली होती. दुसऱ्या रविवारी अकराला. आषाढात साडेबाराला. एकदा दुपारी दोनला. तेवढा वेळ पडद्यावर काही नव्हतं, आणि तिला 'कळेल' म्हणून बंगळूरहून फोन यायचा होता. सोमवारी पुन्हा सगळं बिनचूक. असे सोळा रविवार.

सतरावा रविवार दहाला सुरू झाला होता आणि तो संपलाच नव्हता. वीज गेली तेवढे तास सोडले, तर दर पाच मिनिटांनी तीच ओळ. चिमणाबाई भाकरी घेऊन आली तेव्हा. ती स्वतः बंगळूरहून पोचली तेव्हा. काल सगळे वंदनेला उभे राहिले तेव्हा. नऊ दिवस.

आणि आज, चार वाजून दहा मिनिटांनी, एकच वेगळी ओळ: डिस्क सापडली.