पाच गाद्यांची बैठक

"हिम वितळत नाही, त्यावर कोणी घण घालत नाही, आणि तरीही ते दगडासारखे होते?" शाळेच्या मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, आलेल्या साहेबांनी विचारले.

"होय, साहेब," व्यंकटराव मास्तर म्हणाले. "ध्रुवाकडे दर वर्षी जुन्या हिमावर नवे पडते. वरच्याच्या भाराने खालचे कण एकमेकांना बिलगतात, मधली हवा निघून जाते. आधी ते रवाळ व टणक होते. पुढे त्याचाच सलग बर्फ होतो."

"तुम्ही कधी कुठवर गेला आहात?"

"धाराशिवापर्यंत."

"मग पुरावा दाखवा. नाहीतर मुलांना थापा शिकवल्याबद्दल नोकरी जाईल."

येडशीजवळच्या त्या शाळेत पुराव्यापुरतेही हिम नव्हते. साहेबांची बैठक मात्र होती. साहेबाने गावातल्या कोणाहीपेक्षा हातभर उंच बसावे, हा निजामी अमलातला रिवाज गाव मनोभावे पाळी. मुआयन्याचा आज पाचवा दिवस. रोज सकाळी बैठक खचलेली आढळे आणि पाटील तीवर आणखी एक गादी घालायला लावीत. ती का खचते, हे विचारणे अदबीत बसत नव्हते.

मास्तरांची नजर त्या बैठकीवर खिळली. उत्तर त्यांना दिसले. परंतु ते बोलून दाखवण्याजोगे नव्हते.

"पुरावा नाही," साहेब म्हणाले आणि शेऱ्याची वही घ्यायला उठले.

गाद्या परत न्यायला आलेले पिंजारी बाबामियाँ दाराशी याच क्षणाची वाट पाहत होते. त्यांनी तळची गादी ओढली. ती फळीसारखी निघाली.

साहेब वळले. "भिजलेली गादी दिलीस मला?"

"सोमवारीच पिंजून भरली व्हती, साहेब. सशावानी फुगली व्हती. पानी लागलं न्हाय, काठी लागली न्हाय. वरनं वजन आलं, मधली हवा गेली, कापसाला कापूस चिकटला."

"कोणाचे वजन?"

बाबामियाँनी सभोवार पाहिले. "म्या तर बसलो न्हाय, साहेब."

मुलांच्या मागच्या रांगेत कोणीतरी खोकले.

साहेबांनी वही उघडली. मग सुवाच्य अक्षरात लिहिले: "मास्तरांचे म्हणणे सप्रमाण सिद्ध झाले. नोकरी कायम. पिंजाऱ्यास सक्त ताकीद, की यापुढे मुआयन्यासाठी न दबणारा कापूस पुरवावा."